तांबडा कोळी कुणाच्या पायानं आला

आरग, १४ मार्च १९९६

शिवादादा,

काम असलं की मगच राजूचं पत्र येतं, असं तू मागे कुंडलला काकूजवळ म्हणालास. ते माझ्यापर्यंत पोचलं. खरं आहे, आणि आजही कामच आहे. चुलतभावाला कामाला लावायचं नाही तर कुणाला लावायचं?

आमचा पानमळा तू माझ्या लग्नात पाहिलास. दाराशी चपला काढायला लावल्या म्हणून कुरकुरलाही होतास. त्या मळ्याला काहीतरी झालंय. विड्याच्या पानांचा तजेला गेलाय. वरून बघावं तर सुई टोचल्यासारखे बारीक पांढुरके ठिपके, आणि पाठीमागून तांबूस छटा. मिरजेच्या बाजारात व्यापारी करंडी उघडतो आणि नाक मुरडतो. होळीपासून हे चाललंय.

तू साताऱ्याच्या शेतीशाळेत किडींचंच शिकवतोस. तर हे काय आहे ते एका कागदावर लिहून पाठव. कागद शाळेच्या नावाचा हवा, खाली सही आणि गोल शिक्का हवा. का ते विचारू नको. घाई आहे एवढं समज.

सोबत पानं पाठवतेय. माझ्या सासूने, म्हणजे आत्याबाईंनी, स्वतः खुडून दिलीत. पद्मावहिनीला नमस्कार सांग.

तुझी राजू

●

सातारा, २१ मार्च १९९६

राजू,

पार्सल मिळालं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, धुतलेली, पुसलेली, देठ सारखे कापलेली पानं. कात आणि सुपारी तेवढी राहिली. आमच्या मुख्याध्यापकांनी माझ्या टेबलावरून दोन उचलली आणि चुना लावून खाल्ली. नमुना खाल्लेला मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला. छान आहेत म्हणाले. शिक्का त्यांच्याच ताब्यात असतो म्हणून मी गप्प बसलो.

उरलेल्या पानांवर ठिपके आहेत. पण ठिपके नुसते पाहून मी सही कशी करू? फुलकिडे पान खरवडतात, तुडतुडे रस ओढतात, कधी झाडाचं पोटच उपाशी असतं, आणि ठिपके सगळ्यांचे थोडेफार सारखेच दिसतात. माझा संशय तांबड्या कोळ्यावर आहे. कोळी म्हणजे माळ्यावर जाळं करतो तो नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद. हा किडा नाहीच. किड्याला सहा पाय, याला आठ. राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. पानाच्या पाठीला बसून रस पितो आणि जिथे तोंड लावतो तिथे ठिपका उठतो. ऊन तापलं, हवा कोरडी झाली की याची पिलावळ भराभर वाढते.

पण तू मला कोळी पाठवला नाहीस, धुऊन टाकलास. आता असं कर. एक पांढरा कागद घे, त्यावर पान धर आणि टिचकी मार. धूळ पडेल. धूळ चालायला लागली तर ती धूळ नव्हे. त्यावर बोट फिरव. तांबडी रेघ उठली तर मला लगेच कळव. आणि पानं पुन्हा पाठव. न धुता, न पुसता, कोरड्या कागदात. शेतकऱ्याच्या पोरीला हे सांगावं लागतं याचं नवल वाटतं.

शिक्क्याची एवढी घाई कशाला? कुणावर खटला घालायचाय का?

शिवतेज

●

आरग, २७ मार्च १९९६

दादा,

पानं पुन्हा पाठवतेय आणि ती पुन्हा पुसलेली आहेत. तू ओरडायच्या आधी मीच ओरडून घेतलंय.

आत्याबाईंना बजावून सांगितलं होतं. "न्हाई धूत बाई," म्हणाल्या. दुपारी पाहते तर उंबऱ्यावर बसून पदराने एकेक पान पुसत होत्या. मी म्हणाले, आत्याबाई, हे काय! तर म्हणतात, "आगं, धूळमाखलं पान कुणाच्या हातात द्यायचं व्हय? आपल्या मळ्याचं पान सातारला चाललंय. त्यो साहेब काय म्हणंल, ह्यांच्या घरात बाया हायत का न्हाईत?" अशा बाईला कोळी कसा समजावू? या घरात पान धुतल्याशिवाय कुणी कुणाला दिलेलं नाही.

टिचकी मारायला दिराला, अर्जुनाला सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, वाऱ्यावर कागद ठरतोय व्हय?" आणि गेला सायकल घेऊन मिरजेला. दुकानातून बाटली आणली. "लय जालीम हाय, एका फवाऱ्यात समदं साफ." फवारलं. साफ झालं ते ठिपक्यांखेरीजचं सगळं. आता तर पानांच्या पाठीला बारीक जाळी दिसते म्हणे, आणि कोवळी पानं पोपडे धरल्यासारखी झालीत.

मला कागद हवा आहे, दादा. तुझ्या अंदाजाचा का होईना, पण शिक्क्याचा. लवकर.

राजू

●

सातारा, २ एप्रिल १९९६

राजेश्वरी,

दुसरं पार्सलही उघडलं आणि भिंगाखाली तासभर मान मोडली. एका पानाच्या शिरेजवळ तुटलेल्या जाळीचा धागा मिळाला. बाकी लख्ख. तुझ्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांग, इतकं स्वच्छ पान साताऱ्याच्या दवाखान्यातही मिळायचं नाही.

अंदाजाचा कागद मी देत नसतो. मी पोरांना शिकवतो की बघितल्याशिवाय नाव घेऊ नये, आणि बहिणीसाठी शिक्का मारू?

आता अर्जुनाच्या बाटलीचं ऐक. त्या जालीम औषधाने कोळी मरत नाही. मरतात ते कोळ्याला खाणारे. मळ्यात एक बारीक काळा भुंगेरा असतो, आणि फिकट रंगाचा, चपळ पळणारा दुसरा एक कोळी असतो. हे दोघे तांबड्याला खाऊन आटोक्यात ठेवतात. अर्जुनाने राखणदार मारले आणि चोराला मळा मोकळा करून दिला. जाळी वाढली ती त्यामुळे.

आणि एक विचारतो. दिराला सांगतेस, सासूला सांगतेस. तुला स्वतःला मळ्यात जायला पाय नाहीत का? मळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. चार पानं खुडून कागदात घालायला एवढा आळस? लग्न झाल्यावर हात इतके नाजूक होतात हे मला माहीत नव्हतं.

शिवतेज

●

आरग, ६ एप्रिल १९९६

दादा,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. पाय आहेत मला. त्या पायांनीच सगळं केलंय असं या घराचं म्हणणं आहे.

बाईने त्या चार दिवसांत पानमळ्यात पाऊल टाकायचं नसतं. तुला ठाऊक नसेल तर पद्मावहिनीला विचार. माघात घरचे सगळे बेडगला लग्नाला गेले. मी त्याच दिवसांत होते म्हणून मागे राहिले. दुपारी विहिरीकडचा पाट फुटला आणि पाणी वेलांच्या बुडाशी तुंबायला लागलं. तुंबलेल्या पाण्यात वेल कुजतो. हाक मारायला आसपास कुणी नव्हतं. मी चपला काढल्या, आत गेले आणि दोन्ही हातांनी माती ओढून पाट बांधला. संध्याकाळी सगळे परतल्यावर मीच सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, इतकी मी मूर्ख.

तेव्हा कुणी फार बोललं नाही. होळीला पानं बिघडली आणि सगळ्यांना एकदम ते आठवलं. तेव्हापासून मी मळ्याच्या दाराशीही जायचं नाही. अक्षय तृतीया झाली की मला माहेरी, कुंडलला नेऊन सोडणार. "वेल सुधारला तर बघू," असं मामंजी म्हणाले. वेल सुधारला नाही तर काय, ते बोलले नाहीत. अण्णांना अजून निरोप गेलेला नाही, त्यांना तूही काही कळवू नकोस. यांना जम्मूला पत्र घातलं. उत्तर आलं, आई म्हणेल तसं कर, घरात वाद नको. फौजेतला माणूस वादाला घाबरतो.

अजून एक सांगते आणि मग थांबते. दिवसा मी सगळ्यांशी भांडते. पण अंथरुणाला पाठ टेकली की वाटतं, खरंच माझ्यामुळे झालं असेल तर? बारावीला जीवशास्त्रात मी कॉलेजात पहिली होते, आणि मला असं वाटतं! या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. शिक्का मला त्यांना दाखवायला हवाय, आणि मलाही बघायला हवाय.

तू इकडे येऊ नकोस. भाऊ भांडायला आला की मी दोषी आहे हे पक्कंच झालं.

राजू

●

सातारा, ९ एप्रिल १९९६

राजू,

आळशी म्हणालो ते शब्द मागे घेतो. पद्माने पत्र वाचलं आणि माझ्याशी बोलणं टाकलंय. बरोबर केलं तिने.

आधी हे वाच. कोळी तुझ्या पायाने आला नाही. हे मी एकही कोळी न बघता लिहितोय आणि खाली सही करतोय. आत्तापर्यंत असं कधी केलं नव्हतं.

सोबत माझं भिंग पाठवतोय. अर्जुनाला सांग, पान धुऊ नको, पुसू नको, आईच्या हाती लागू देऊ नको. घरात आण. वारा नसेल अशा जागी पांढऱ्या कागदावर सगळ्यांसमोर टिचकी मार. आणि त्याला दुसरं एक विचार. बिघाड सगळ्यात आधी मळ्याच्या कोणत्या कडेला दिसला? तू गेलीस ती विहिरीची बाजू. तिथून सुरुवात झाली नसेल तर मला ते कागदावर मांडता येईल. कोळी वाऱ्यावर धाग्याला लोंबकळत जातो, करंडीला चिकटून जातो, कपड्यांवर बसून जातो. शेजारी वांगी, भेंडी असेल तर तीही बघा.

औषधाचं असं. आधी पानांच्या पाठीला नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा द्या. मग पाण्यात मिसळणारं गंधक, तेही सकाळच्या गारव्यात. उन्हात मारलं तर पान करपेल. फवारल्यावर खुडणी थांबवा, ती पानं लोकांच्या तोंडात जायची आहेत. ती बाटली पुन्हा उघडायची नाही.

दादा

●

आरग, १५ एप्रिल १९९६

दादा,

झाली तुझी परीक्षा. ओसरीवर, सगळ्यांसमोर.

अर्जुनाने पान आणलं, टिचकी मारली. तिखटासारखी पूड पडली आणि क्षणभराने ती चालायला लागली! अर्जुना ओरडला, "आयला, जित्ती हाय की गं आये!" बोट फिरवलं तर तांबडी रेघ. मामंजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि किती वेळ खालीच ठेवेनात. शेवटी आत्याबाईंनी बघितलं. मला वाटलं, सुटले.

त्यांनी भिंग पदराने पुसून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "दिसला बाई किडा. तुजा भाऊ लय हुशार हाय. पन ह्यो आला कशानं? तूच आणलास की."

मला किंचाळावंसं वाटलं. इतके दिवस मी काय करत होते? त्यांना शाप दिसत होता तिथे आठ पायांचा जिवंत कोळी दाखवला, तर त्यांनी तो शापाच्याच पदरात घातला. त्यांना तो दिसला नसता तर बरं झालं असतं.

कडेचं अर्जुनाने आठवून सांगितलं. विहीर पूर्वेला. पानं आधी बिघडली पश्चिमेच्या कडेला, शेजारच्या लालासाहेबांच्या वांग्याच्या वाफ्यालगत. तो जाऊन वांगी बघून आला. पानांवर कोळिष्टकं लोंबतायत म्हणे. हे आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "किड्याला काय दिशा कळत्यात?" गंधक मात्र आणलं आहे. तुझं औषध चालतं, तुझं म्हणणं चालत नाही.

अक्षय तृतीया शनिवारी आहे. मी ट्रंक काढून ठेवलीय.

राजू

●

सातारा, १७ एप्रिल १९९६

राजू,

हे पत्र आमच्या शाळेचा शिपाई मिरजेला सासरी चाललाय त्याच्या हाती देतोय, म्हणजे शनिवारच्या आत पोचेल. सोबत मामंजींच्या नावाचा बंद लखोटा आहे. शाळेचा कागद, माझी सही, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. एक नाही, दोन ठिकाणी मारून घेतला.

त्यात स्पष्ट लिहिलंय. रोग नाही, दोष नाही, हा तांबडा कोळी आहे. प्रादुर्भाव पश्चिमेच्या कडेने सुरू झाला, लालासाहेबांच्या वांग्याच्या पिकातून, वाऱ्याने. विहिरीच्या बाजूशी त्याचा काही संबंध नाही. माणसाच्या येण्याजाण्याचा तर नाहीच. याहून सरळ मराठी मला येत नाही.

मामंजी जुने सातवी पास आहेत, सरकारी शिक्क्याला मान देतात, असं तूच सांगितलं होतंस. बघू.

ट्रंक परत माळ्यावर टाक.

दादा

●

सातारा, १४ मे १९९६

राजूबाई,

तुझं पत्र नाही म्हणून आम्ही दोघं काळजीत होतो. काल थेट तुझ्या मामंजींचंच कार्ड आलं! लिहितात, आपला कागद मिळाला, सर्व उलगडा झाला, सूनबाईंकडे काही दोष नव्हता, त्यांना मानाने मळ्यात नेले, वेल फुटला आहे, आपले उपकार आहेत.

पद्माने पेढे आणले. मी वर्गात पोरांना नावं न सांगता ही हकिगत सांगितली. म्हणालो, नीट निरीक्षण करा, नीट नोंद करा, आणि मग बघा, शास्त्रापुढे भलेभले नमतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात एकदा तरी माझा शिक्का कुणाच्या उपयोगी पडला.

आता तरी खुशीचं पत्र लिही. कामाशिवायचं.

दादा

●

आरग, २४ मे १९९६

दादा,

पेढे खाल्लेस, आता हे वाच.

तुझा कागद मामंजींनी मारुतीच्या देवळात चार लोकांत वाचून दाखवला. त्यातलं 'वाऱ्याने', 'पश्चिमेकडून' आणि 'लालासाहेबांच्या पिकातून' एवढंच गावाने उचललं. बाकीचा कागद हवेत गेला. देवळातून मामंजी घरी आले, मागोमाग आत्याबाई माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तुजं काय न्हवतंच गं पोरी. त्यांच्या सुलाच्या पायाचं हुतं समदं. वारं तिकडनंच येतंय न्हवं?"

सुला लालासाहेबांची धाकटी सून. अजून हातावरचा हिरवा चुडा जुना झालेला नाही. त्यांचाही पानमळा वांग्याच्या पलीकडे आहे आणि त्यालाही कोळी लागलाय. पोर शपथा घालून सांगते की मी त्या दिवसांत कधी आत गेले नाही. मी तर गेले होते, दादा. गेलेली सुटली आणि न गेलेली अडकली. मी मामंजींना विचारलं, कागदात सुलाचं नाव कुठे आहे? म्हणाले, "नाव कशाला लागतंय? साहेबानं दिशा दावलीया, तेवढं पुरं हाय."

म्हणून लिहिलं नाही. काय लिहिणार होते? मला हळदीकुंकू लावून मळ्यात नेत होते आणि त्याच वेळी शेजारच्या घरात सुला चुलीपाशी रडत बसली होती. तिच्या सासूशी बोलून पाहिलं. भिंग घेऊन गेले, टिचकी मारून दाखवली. ती म्हणाली, "तुमच्या भावानंच लिवलंय न्हवं?"

मी रोज खुडायला जाऊ लागले. खालची पानं बायका खुडतात, शिडीवरची अर्जुना. गंधकाने गुण आला होता. नवी पानं तळहाताएवढी आणि तेलकट चमकदार, ठिपक्याचा मागमूस नाही. मग माझे दिवस आले. मी कुणाला काही बोलले नाही. उठले आणि मळ्यात गेले. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही गेले. पहिल्या दिवशी पहिलं पान खुडताना दोनदा मागे वळून पाहिलं, खोटं कशाला सांगू? पण पानं देठापासून कट्कट् तुटत होती, रोजच्यासारखीच. त्या करंड्या मिरजेला गेल्या आणि व्यापारी खूश झाला. त्यातल्याच पानांचा विडा आत्याबाईंनी मारुतीपुढे ठेवला. मला आता कसलीही शंका उरलेली नाही.

काल सकाळी सुलाचा भाऊ तिला न्यायला आला. लालासाहेबांच्या अंगणात सगळे जमले होते, आत्याबाईही. निरोप द्यायला म्हणून आल्या होत्या, पण चेहरा तमाशा बघायला आल्यासारखा. मी मधे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. गेल्या आठवड्यात मी त्या दिवसांत होते आणि रोज मळ्यात होते. पाच करंड्या माझ्या हातच्या. तुम्ही सगळ्यांनी ती पानं खाल्लीत आणि देवालाही दिलीत. वेल बघून या.

लालासाहेबांच्या बायकोने तोंडातला विडा थुंकला. आत्याबाई तिथेच जात्याच्या कट्ट्यावर बसल्या. "आगं, हे काय बोललीस," एवढंच म्हणाल्या. मग अर्जुना मान खाली घालून पुटपुटला, "आवं काकू, पर ह्या खेपंची पानं लय भारी हुती." लालासाहेब उठले आणि एकटेच आमच्या मळ्याकडे गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात दोन पानं होती. ती उलटी करून, पाठीमागून बघत होते.

आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत. मामंजींनी यांना तार करायला सांगितलीय. मला मळ्याची बंदी पुन्हा लागलीय, आणि या वेळी ती कोळ्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. माझी ट्रंक खाली आली आहे. ती कुंडलला जाईल की नाही ते यांच्या उत्तरावर. गेली तर तुझ्याकडे येईन, अण्णांकडे नाही. पद्मावहिनीला तसं सांगून ठेव. आणि आता मेहरबानी करून कुठलाही कागद पाठवू नकोस.

सुलाचा भाऊ मात्र दुपारच्या एस.टी.ने एकटाच परत गेला.

राजू